मधलं पान

११ जून

वहिनी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून तसंच सुरू करतो. पाकिटावरचं अक्षर तुम्ही लगेच ओळखाल. पत्र फाडायचं असेल तर फाडा. मी काही मागायला लिहीत नाही, एवढंच आधी सांगतो.

इथे तुरुंगात एक बाई येतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आम्हा बारा-चौदा जणांना वाचून दाखवतात. सध्या एक जुनी कादंबरी चालू आहे, दीडशे वर्षांपूर्वीची. बाई म्हणाल्या, "घरी कुणाला तरी पत्र लिहा आणि त्यात ही गोष्ट सांगा. दुसऱ्याला सांगितली की आपल्याला नीट कळते." आपल्या घरात पुस्तक वाचणारं माणूस एकच होतं. तुम्ही डबा घेऊन यायचात आणि आमचं जेवण होईपर्यंत कारखान्यातल्या बाकावर पाय वर घेऊन वाचत बसायचात. दादा म्हणायचा, "हिला भुशात बसवा, आगीत बसवा, पान संपल्याशिवाय उठायची नाही."

तर गोष्ट अशी. एका लहान गावात दोन शिंपी आहेत, तीस वर्षांचे भागीदार. एक थोरला, शांत, कमी बोलणारा. दुसरा बोलघेवडा, गिऱ्हाइकांना हसवणारा. दोनशे पानं झाली तरी भांडण नाही की काही नाही. कापडाचे भाव, गिऱ्हाइकांची पोटं, कुणाची विजार तंग झाली, हेच चाललंय. आता तो बोलघेवडा पंचेचाळिसाव्या वर्षी लग्न करतोय, आणि थोरला त्याचा लग्नाचा कोट स्वतःच्या हाताने शिवतोय. आमच्यात एक पहिलवान आहे, मान म्हणजे ओंडका. त्याला हे लग्न कधी लागतंय असं झालंय. जेवताना विचारतो, "सुतार, कोट झाला असेल का रे?" मला इथे सुतारच म्हणतात.

माझं अपील लागलंय. वकील म्हणतात, बचावासाठी हात उचलला हे धरलं गेलं तर नऊ महिन्यांत बाहेर. जे झालं ते झटापटीत झालं. तुमच्या मनात माझ्याबद्दल काय असेल ते असो, पण एवढं तुम्हीही कधीतरी मान्य कराल.

आई सांगते, तुम्ही इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागलात. गरम चादरी उचलताना हात सांभाळा.

तुमचा
धाकटा


२० जून

वहिनी,

उत्तर येईल असं धरलं नव्हतंच. पण शुक्रवारी जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं.

बाई वाचत होत्या. कोट जवळजवळ तयार. शेवटचं काज राहिलंय. बोलघेवडा आरशासमोर उभा राहून म्हणतो, "बाहीचा दोरा लोंबतोय, जरा कात्री दे." थोरला कात्री देतो. हातात नाही, वहिनी. पोटात. दोन्ही पाती मिटलेली, मुठीपर्यंत. पुन्हा बाहेर काढतो आणि पुन्हा. बोलघेवडा कोटाची बाही धरून खाली बसतो. आणि पुढचं वाक्य काय आहे ठाऊक आहे? "मग त्याने उरलेलं काज पुरं केलं."

बाई थांबल्या. मग पहिलवान उठला. "बाई, पान गळलंय."

"नाही गळलेलं."

"गळलंय! भांडण कुठाय? शिवी कुठाय? असं कुठे असतं होय? आणा इकडे!" त्याने पुस्तक ओढून घेतलं. पानांचे आकडे बोटाने तपासले. दोनशे बारा, दोनशे तेरा. पुढे दोनशे चौदा. त्याने शिवणीत नख घालून पाहिलं, पान चिकटलंय का बघायला. पुस्तक जुनं, त्याचा हात असा, शिवण उसवली आणि पानं भराभर खाली आली. एवढा मोठा गडी, रडायला लागला. "लग्न होतं रे त्याचं," म्हणाला.

इथे एक कंपाउंडर आहे. बारीक, चष्मेवाला, बोलणं सुईसारखं. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? थोरला पहिल्यापासून जळत असणार. लेखकाने लपवलं." दुसरा म्हणाला, एखादी बाई मध्ये असणार. तिसरा म्हणाला, पैसा. जो तो आपल्या पदरचं घालत होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पान गळलेलं नाही. असंच होतं."

कंपाउंडर माझ्याकडे वळला. "तुला रे काय माहीत? तुझ्या भावाने तर आधी फळ्या आवळायचा लोखंडी शिकंजा उगारला होता ना?"

मग मारामारी झाली. स्टुलं उडाली. पहारेकरी धावत आले. कंपाउंडरचा जबडा मोडला, तीन दात पडले. मला हाताला थोडं लागलंय, काळजीचं कारण नाही. मला काही दिवस वेगळ्या कोठडीत ठेवलंय. असल्या प्रकारानंतर सगळ्यांनाच ठेवतात.

धाकटा


२ जुलै

वहिनी,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, जबडा मोडला. मी मोडला.

मारामारी झालीच नव्हती. कंपाउंडरने ते विचारलं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे आल्या. मला राग आला असं म्हणावं तर तेही खरं नाही. राग यायला वेळ लागतो. मी स्टूल उचललं तेव्हा ते हातात आलंय हेही मला नंतर कळलं. पहिला फटका तोंडावर बसला. ओलं लाकूड चिरतं तसा आवाज झाला. तो पडल्यावर चष्म्याच्या काचा त्याच्या गालात गेल्या होत्या, तरी मी दुसरा मारला. तिसरा पहिलवानाने अडवला. तो मला मागून मिठी घालून ओरडत होता, "सुतार, सोड! अरे सोड, माणूस आहे तो!" आणि सगळ्यांना वेगळं ठेवत नाहीत. एकट्या मला ठेवलंय.

काल बाई कोठडीच्या दारापर्यंत आल्या. पहारेकऱ्याने त्यांच्यासाठी खुर्ची आणली, पण त्या बसल्या नाहीत.

"कंपाउंडरला नळीने दूध पाजतात," म्हणाल्या.

"माझी चूक झाली."

"चूक शुद्धलेखनात होते." पुढे म्हणाल्या, "हे पुस्तक मी तीस वर्षं शिकवलं. परीक्षेत दर वर्षी एकच प्रश्न असायचा, थोरल्याने खून का केला, सकारण स्पष्ट करा. मुलं कारणं लिहायची. मी गुण द्यायचे. पाच कारणांना पाच गुण. तीस वर्षांत तू एकटा म्हणालास, असंच होतं. पुढे काय बोलणार होतास?"

मी विचारलं, "पुस्तकात पुढे काय होतं?"

"पुढची शंभर पानं तो कारणं सांगतो. पोलिसाला एक, बायकोला दुसरं, न्यायाधीशाला तिसरं. लोक सगळी मान्य करतात. लोकांना कारण मिळालं की भूक भागते."

"आणि खरं कुठलं?"

"तेच तुला विचारायला आले होते," बाई म्हणाल्या. उसवलेलं पुस्तक त्यांनी दाराच्या फटीतून आत सरकवलं. "तू हातकामाचा माणूस आहेस. हे शिवून दे." सुई आणि दोरा पहारेकऱ्याकडे ठेवलाय. रोज दुपारी तासभर तो समोर बसतो आणि मी शिवतो.

दोनशे बारा आणि दोनशे तेरा मी कितीदा वाचली असतील. मध्ये काही नाही, वहिनी. कोर्टात मी तेच केलं. मध्ये काही नव्हतं, म्हणून मी एक पान लिहून घातलं. शिकंज्याचं पान. वकिलाने त्याला शिवण घातली आणि सगळ्यांनी ते वाचलं. आईने तर पाठ केलं.

पुढचं लिहायला दोन दिवस द्या.


५ जुलै

वहिनी,

हे पत्र आधी जेलरसाहेब वाचतील, मग पाठवतील. वाचू देत.

दादाने शिकंजा उगारला नव्हता. शिकंजा टेबलाखाली होता, दोन फळ्यांना आवळून लावलेला, डिंक वाळत होता. तो मी नंतर सोडवला आणि त्याच्या हाताशी ठेवला. तुम्ही तेव्हा काचेपलीकडे, ऑफिसच्या बाजूला होतात. दार आतून लागलेलं, तुम्ही दोन्ही हातांनी काच बडवत होतात. मी तुमच्याकडे पाठ करून शिकंज्याचा स्क्रू फिरवत होतो. किती फेरे होते तेही आठवतंय. नऊ.

सकाळी असं झालं होतं की कपाटाचं दार बोटभर लहान निघालं. माप मी घेतलं होतं. गिऱ्हाईक समोर उभं. दादा हसला आणि म्हणाला, "आमचा धाकटा जन्मापासून बोटभर कमीच." गिऱ्हाईकही हसलं. बस, एवढंच. असलं तो रोज बोलायचा आणि रोज विसरायचा. मीही विसरायचो. त्याच दादाने मला पटाशी धरायला शिकवलं होतं, माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून.

दुपारी मी पटाशीला धार लावली. दोन इंची. रंधा मशीन चालू होती, तिच्या आवाजात स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. दादा फळीवर वाकून खुणा करत होता. मग सरळ झाला. त्याच्या एका हातात पेन्सिल होती, दुसरा हात रिकामा. मी पटाशी त्याच्या कानाखाली घातली. तो पडला नाही. माझ्याकडे बघितलं आणि मानेला हात लावून बघितला, घाम आला की बघतात तसा. बोटांमधून रक्त उसळलं. दुसरा वार मी छातीवर केला, तो बरगडीवर घसरला. तिसरा पोटात. कोर्टात वकील म्हणाले, पहिला बचावात आणि पुढचे दोन घाबरून. मी घाबरलो नव्हतो. रंध्यावर फळी जशी पुढे सरकते तसा हात पुढे जात होता.

दादा माझ्या खांद्याला धरून खाली बसला. भुसा त्याच्या तोंडाला चिकटला होता. तो काहीच बोलला नाही. आधीही नाही, नंतरही नाही.

वकिलाने तुम्हाला साक्षीच्या वेळी विचारलं होतं, "काचेवर भुशाची धूळ होती ना? मग दिसलं कसं?" तुम्ही म्हणालात, "मी रोज पुसायचे." कोर्ट हसलं. मग त्याने विचारलं, नवऱ्याशी पटत होतं का, कारखान्यात कोण कोण येत-जात होतं. तुमचा चेहरा पांढरा पडला. मी आरोपीच्या पिंजऱ्यात मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं पश्चात्ताप. मी माझ्या नखातला मळ काढत होतो.

तुम्ही एक शब्दही खोटा बोलला नव्हतात. तरी आईने तुम्हाला पोरीसकट घराबाहेर काढलं. पोरीला शाळेत "तुझा बापच आधी धावून गेला" असं ऐकवतात, हे आईनेच मला सांगितलं, आणि मी ते ऐकून घेतलं.

अपील मागे घेतो म्हणून वकिलाला कळवलंय. तो म्हणतो, माझं डोकं फिरलंय.


३० जुलै

वहिनी,

आज आई आली होती. मध्ये जाळी असते, बोटं जातील एवढी भोकं. आईने नेहमीसारखं विचारलं, "नीट जेवतोस ना?"

मी म्हणालो, "आई, दादाने शिकंजा उगारला नव्हता."

तिला ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग म्हणाली, "तिने पत्र पाठवलं का तुला?"

"त्यांनी एक ओळही पाठवलेली नाही. त्या खरं बोलत होत्या. मी शिकंजा नंतर ठेवला."

"गप्प बस."

"आई, दादाच्या हातात पेन्सिल होती."

"गप्प बस म्हणते ना! नऊ महिने राहिलेत. नऊ महिने मी तुला पोटात ठेवलं, तसे हेही काढीन. तोंड उघडू नकोस."

"मी न्यायाधीशांना लिहून दिलंय."

आईने जाळीतून माझं बोट धरलं. मला वाटलं, मायेने. तिने ते पिरगाळलं. सत्तरीची बाई, पण तिने ते असं मागे वाकवलं की कट्‌ असा आवाज आला. मी हात ओढला नाही. पहारेकरी ओरडला, तरी ती सोडेना. "एक गेला," ती म्हणाली, "दुसरा खुनी नाही, एवढंच माझ्यापाशी उरलं होतं. तेही घेतलंस मेल्या."

मग तिच्या नखाचा माझ्या बोटावर उठलेला ओरखडा पदराने पुसायला गेली, पण मध्ये जाळी होती. उठली आणि पिशवी तिथेच विसरून गेली.

बोटाला पट्टी बांधलीय. म्हणून अक्षर असं.


१६ सप्टेंबर

वहिनी,

परवा फेरसुनावणीला कोर्टात तुम्ही होतात. शेवटून दुसऱ्या बाकावर, कामावरच्या निळ्या कपड्यांतच. मी निवेदन वाचलं तेव्हा तुमच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं, "कुणाच्या दबावाखाली बोलता आहात का?" मी तीनदा नाही म्हणालो. शिकंजा मागवून त्याच्या स्क्रूवरचा वाळलेला डिंक तपासायचा हे सहा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. परवा तो तपासून झाला; शिकंजा फळ्यांना आवळलेला होता आणि मागून सोडवला, हे त्यावरून ठरलं. पहिली शिक्षा रद्द होऊन जन्मठेप झाली. कागदावर आता स्पष्ट लिहिलंय की मयताने कोणतंही हत्यार उचललेलं नव्हतं आणि पत्नीची साक्ष खरी होती. त्याची नक्कल तुम्हाला मिळेल. पोरीच्या शाळेत नेऊन दाखवा. वर्गात मोठ्याने वाचून दाखवली तरी चालेल.

निकाल झाल्यावर आई उठून तुमच्या बाकापाशी आली. मला वाटलं, आता ओरडणार. ती नुसती उभी राहिली. तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत. पण बाकावरची तुमची पिशवी उचलून मांडीवर घेतलीत. आई बसली. पुढे तुमच्यात काय झालं, मला ठाऊक नाही, आणि मला कळायचं कारणही नाही.

मला बाहेर नेत होते तेव्हा तुम्ही आडव्या आलात. शिपायाने हात मध्ये घातला. सहा वर्षांत तुमचा आवाज ऐकला नव्हता. तुम्ही म्हणालात, "पत्रात लिहिलंत, ते काहीच बोलले नाहीत. मी काचेतून पाहिलंय. तुम्ही हात उचलायच्या आधी त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले?"

शिपायाने मला ओढलं. पण त्याने ओढलं नसतं तरी मी तिथे सांगितलं नसतं. न्यायाधीशांना सगळं सांगितलं, आईला सांगितलं, हे एक माझ्याजवळ ठेवलं होतं. वाटत होतं, एवढं राहू दे. हे कळलं तर माझ्या बाजूने कुणाकडे, अगदी माझ्याकडेही, काही उरणार नाही. बाईंना पुस्तक शिवून परत दिलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अजून काहीतरी आहे." मी नाही म्हणालो होतो.

आहे, वहिनी.

दादाने खुणा संपवल्या आणि पेन्सिल कानामागे ठेवायला हात वर नेला. माझ्याकडे न बघता त्याने ते लहान निघालेलं दार बाजूला सरकवलं. सकाळचं त्याच्या मनात काहीच नव्हतं. मशीनच्या आवाजावर ऐकू यावं म्हणून तो मोठ्याने बोलला. म्हणाला, "जाऊ दे रे, नवीन करू उद्या. माझंही चुकलं, चारचौघांत बोलायला नको होतं. ती आली बघ, हात धू, जेवून घेऊ."

तो माझी माफी मागत होता, आणि मी मारलं. असं का, ते मला विचारू नका. मी एक कारण सांगेन आणि तुम्हाला ते पटेल.

आणि तुम्हाला जे हवं होतं ते वेगळं लिहितो, म्हणजे पोरीला दाखवायचं असेल तर एवढाच कागद फाडून घेता येईल. दादा शेवटचं बोलला तेव्हा काचेकडे बघत होता. तुम्ही दाराशी चपला काढत होतात आणि पुस्तक तुमच्या काखेत होतं. तुम्हाला बघून तो हसत होता, वहिनी. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.